सोयाबीन काढणीला गावी जाऊ, की परळला तिच्याजवळ थांबू?

पूर्णाकाठ
१६ सप्टेंबर, रात्री ११:४०

राम राम मंडळी.

इथं दोन-तीन वर्षं नुसतं वाचत आलो, सोयाबीनच्या भावाचे आणि पावसाचे धागे. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही मोबाईलवर. चुका सांभाळून घ्या.

मी जिंतूर तालुक्यातला. चार एकर सोयाबीन, दीड एकर तूर, विहिरीला पाणी मार्चपर्यंत. बायको एकेचाळीस वर्षांची. जुलैत खुरपणीच्या दिवसांत तिला डाव्या छातीत गाठ हाताला लागली. खुरपणी आटपेपर्यंत पंधरा दिवस ती बोललीच नाही. परभणीला दाखवलं, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तेव्हापासून आम्ही मुंबईत आहोत. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, त्यामुळं डोक्यावर छप्पर आहे.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. आधी चार किमो, दर एकवीस दिवसांनी. मग दुसऱ्या औषधाच्या बारा, दर आठवड्याला एक. मग ऑपरेशन, मग पंधरा शेक, म्हणजे रेडिएशन. बोटं मोजली तर पुढच्या मृगाची पेरणी येते.

पहिली किमो ९ तारखेला झाली. लाल औषध चढत होतं आणि मी थेंब मोजत बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, तोंडाला चव नाही, कुणाची फोडणी पडली की तिचा पदर तोंडावर. आज आठवा दिवस. आज दोन घास मऊ भात खाल्ला.

आता अडचण सांगतो. दुसरी किमो ३० सप्टेंबरला. आणि माझं सोयाबीन काढणीला येतंय ५ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे तिचे सगळ्यात वाईट दिवस असतील तेव्हाच. सोयाबीन थांबत नाही हे तुम्हाला सांगायला नको. वाळलं की शेंगा तडकतात, वरून पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. कापणी, ढीग, मळणी, मोंढा, सगळं धरून आठ-दहा दिवस जातात. वर्षाचा रोख पैसा तेवढाच. किमोचं औषध योजनेत बसलंय, पण खाणं, जाणं-येणं, बाहेरच्या तपासण्या, दोघांचा मुंबईतला खर्च योजनेत बसत नाही. घरी आई सत्तरीची, गुडघ्यानं बसलेली. मुलगा दहावीला, मुलगी सातवीला. भाऊ पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी नाही. भावजय मात्र इथं यायला तयार आहे.

जाऊ का? तिला मी विचारलेलं नाही. विचारलं तर ती जा म्हणेल, तिचा स्वभावच तसा आहे. म्हणून तुम्हाला विचारतोय.

---

बालाघाट
१७ सप्टेंबर, सकाळी ६:१५

भाऊ, जाऊ नका.

आमचं घर ऊसतोडीचं. मुकादमाची उचल घेतलेली होती, दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघाली. बायकोची तिसरी किमो होऊन चार दिवस झाले होते. मेव्हण्याला तिच्याजवळ ठेवलं आणि कोयता घेऊन गेलो. नवव्या दिवशी तिला ताप आला. मेव्हण्याला वाटलं हवा बदलली. त्यानं दुकानातून तापाची गोळी आणून दिली. ताप उतरला, परत चढला, परत गोळी. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती ओळख देईना.

मला निरोप आला तेव्हा मी फडात होतो. पोहोचायला दीड दिवस लागला. अतिदक्षता विभागाच्या काचेतून बघितली तिला.

त्या खेपेला वाचली. पुढची किमो महिनाभर लांबली. दीड वर्षानं ती गेली. त्या तापानं गेली की आजारानं, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. उचल मात्र सगळी फिटली.

लोक म्हणतात, तू तिथं असतास तर काय करणार होतास? मला काय करता आलं असतं ते माहीत नाही. पण मी तिथं असतो.

---

स्टेशनरोड_नांदेड
१७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

बालाघाट दादा, वाचून काही सुचेना. हात जोडतो.

पूर्णाकाठ, जायचं की थांबायचं ते मी सांगणार नाही. वडिलांना घेऊन मी नांदेड-मुंबई खूप केली, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

रेल्वे. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलमधून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या, डॉक्टरांची सही आणि शिक्का नीट उमटलाय का बघा. तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढायचं. किमो झालेल्या माणसाला स्लीपरच्या धुळीत आणि गर्दीत नेऊ नका, सवलत आहे तर एसीच घ्या. देवगिरीला रात्री दादरला बसलं की सकाळी परभणी.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही टाटाच्या डॉक्टरांना हे विचारलंय का, की औषध तुम्ही ठरवून द्या, पण चढवायचं काम आमच्या भागात झालं तर चालेल का? छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, किमो आणि शेक दोन्ही तिथं होतं. लातूरला विवेकानंद आहे. धाराशिव-बीडकडचे कितीतरी लोक बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये जातात. सगळ्यांना हे जमतं असं नाही, काही आजारांत तिथंच थांबावं लागतं. पण विचारायला हवं. आम्ही पाच महिने विचारलंच नाही, कारण मुंबई म्हणजे मुंबई असं डोक्यात बसलेलं. विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी का नाही बोललात.

एक ध्यानात ठेवा. महात्मा फुले योजनेची मंजुरी ज्या हॉस्पिटलमध्ये उपचार आहे तिथल्या नावानं होते. हॉस्पिटल बदललं तर तिथल्या आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाकडं, जाऊन नव्यानं मंजुरी घ्यायची. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का ते आजच बघा. अडलं तर १५५३८८ ला फोन लावा, योजनेचीच हेल्पलाईन आहे. आणि मूळ रिपोर्ट कुणाच्याही हातात सोडून येऊ नका, झेरॉक्सचे तीन संच करा. तुकड्याच्या तपासणीच्या काचा आणि ब्लॉक असतात, तेही कुठं आहेत ते लिहून ठेवा.

---

मांजराकाठची
१७ सप्टेंबर, दुपारी २:३०

दादा, आमच्यात आजारी हे होते आणि सोबत मी. औसा तालुक्यातलं गाव.

ह्यांना गालाच्या आतून झालं. गुटख्यानं. राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी आमच्या गावात तो पोरांच्या खिशात दिसतो. हे लिहिताना माझा जीव जळतो. ऑपरेशन झालं आणि मग बार्शीला तेहतीस शेक. सोमवार ते शुक्रवार रोज एक, आणि आठवड्यातून एकदा किमो. साडेसहा आठवडे भाड्याच्या खोलीत काढले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. नाकातून नळी घातली. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, दूध, गाळलेलं वरण, दर दोन तासांनी नळीतून द्यायचं आणि नंतर पाणी घालून नळी धुवायची. ते माझ्याकडं बघत राहायचे. बोलता येत नव्हतं म्हणून पाटी ठेवली होती, पोराची. त्यावर एकदा लिहिलं, 'तू जेव.'

एका तपासणीच्या ठिकाणी काउंटरवर मला विचारलं, सोबत गडी माणूस कोण आहे? मी म्हणाले, मीच आहे. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. सही मीच केली.

मी तुम्हाला सांगते ते झोपेबद्दल. पहिला महिना मी बसून झोपले, कारण नळी निघाली तर काय करायचं. त्याचं असं झालं की एके दिवशी दुपारचं औषध मी दोनदा दिलं. नशीब, पोटदुखीची साधी गोळी होती. त्या रात्री दिराला फोन लावला की तू ये, मला दोन रात्री झोपायचंय. तो आला. एकट्यानं सहा महिने कुणी ओढू शकत नाही दादा, कितीही माया असली तरी. म्हणून सोयाबीन असो नसो, दुसरं माणूस तुम्हाला लागणारच आहे.

पण दुसरं माणूस नुसतं बसवून जायचं नसतं. दिराला मी वही करून दिली, शाळेची अर्धी उरलेली. डाव्या पानावर वेळ, उजव्या पानावर काय झालं ते. ताप किती, किती पाजलं, लघवी किती वेळा, संडास झाली का, कोणती गोळी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात वॉर्डाचा फोन, आणि कशाकशाला लगेच धावायचं ते. परत आले तेव्हा वही वाचली आणि मला सगळं समजलं. बालाघाट दादांचं वाचून मला तीच वही आठवली. मेव्हण्याच्या मनात काही खोट नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची येळवस, शेतात जाऊन करायचा सण, त्यातच आली. शेतात कुणी गेलं नाही. शेजारच्या खोलीतल्या निलंग्याच्या बाईनं आंबील केली आणि मला तांब्याभर दिली. ह्यांच्यासमोर कशी पिणार? जिन्यात उभी राहून प्यायले आणि तिथंच रडले. मग तोंड धुतलं आणि चार वाजताची पेज द्यायला गेले.

हे आता बरे आहेत. तोंड पूर्ण उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून खातात. पण खातात.

---

सिस्टर_परळी
१७ सप्टेंबर, रात्री ८:५०

किमोच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून तापाचं स्पष्ट सांगते. दादा, हे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर जाऊ द्या.

किमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र आहे, रविवार आहे, रिक्षा मिळत नाही, यातलं काही बघायचं नाही. थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं आणि पोहोचल्याबरोबर सांगायचं की किमो अमुक तारखेला झाली. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. गोळीनं आकडा खाली येतो, आतला संसर्ग वाढत राहतो. थंडी वाजून अंग थरथरलं तर आकडा कमी असला तरी जायचं. काखेतला थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, तो उशाला हवा.

बाकीचं पटकन सांगते. उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, चिठ्ठीवरच्या वेळेला द्यायची. लाल औषधानं एक-दोन दिवस लघवी तांबडी होते, घाबरू नका. तोंड आलं तर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चूळ. गाड्यावरची कापलेली फळं, उघड्यावरचा उसाचा रस, शिळं अन्न नको. गरम भाकरी, वरण, अंडं, ताजं घरचं काहीही चालतं. 'हे खाऊ नको ते खाऊ नको' सांगणारे नातेवाईक येतील, त्यांचं ऐकून तिचं जेवण आणखी कमी करू नका. आणि तिची बाथरूम धुणाऱ्यानं पहिले दोन दिवस हातमोजे घालावेत.

आता तुमच्या प्रश्नाकडं. दादा, पेशंटला कुणाच्या हातचं पाणी घ्यायला लाज वाटते, हे आम्ही वॉर्डात रोज बघतो. ती भावजयीपुढं मोकळी होईल का?

---

कुंडलिकाकाठ
१८ सप्टेंबर, पहाटे ५:२०

मी पेशंट होते. चार वर्षं झाली. तुमच्या बायकोचं आणि माझं औषध तेच दिसतंय, चार आणि मग बारा. जालन्याहून मुंबई केली.

सगळे तुम्हाला काय करावं ते सांगतायत, आणि चांगलंच सांगतायत. पण तुमच्या पहिल्या पोस्टमधली शेवटची ओळ मी काल चार वेळा वाचली. तिला विचारलेलं नाही, कारण ती जा म्हणेल. दादा, राग मानू नका. आमचे मालक असंच करायचे. डॉक्टर बोलायचे त्यांच्याशी, आणि हे बाहेर येऊन मला गाळून सांगायचे. किमोची तारीख, पैसे कुठून आणले, गाय विकली ते, सगळं मला उशिरा समजायचं. त्यांना वाटायचं मला त्रास नको. मला वाटायचं मी मेलेच आहे आणि ही माणसं माझ्या मागचं आवरतायत.

माझे मालक माझ्याजवळून हलले नाहीत. सगळ्या नात्यात त्यांचं नाव झालं. आणि मी तुम्हाला खरं सांगते, मला काही दिवस ते तिथं नको होते. माझ्यावरचं प्रेम कमी झालं होतं म्हणून नव्हे. ते दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी घास सोडला की त्यांचा चेहरा पडायचा, मग त्यांच्यासाठी मी जबरदस्तीनं गिळायची आणि ओकायची. मला रडायचं असायचं तर ते झोपायची वाट बघायला लागायची. गावाकडची एक गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती सांगायला, कारण ते गावाकडं गेलेच नव्हते. मोसंबीला बहार धरला का, पाडसाचं काय झालं, कुणाचं लग्न जमलं, मला ते हवं होतं. रिपोर्ट सोडून काहीतरी.

सहाव्या किमोनंतर मी म्हणाले, चार दिवस घरी जाऊन या आणि मला सगळं सांगा. ते गेले. माझी धाकटी बहीण आली. तिच्यासमोर मी पहिल्यांदा अंगावरचं सगळं काढून आंघोळ केली, तिनं पाठ चोळली. केस तोवर गेलेच होते. आई गेल्यापासून माझी पाठ कुणी चोळली नव्हती. मालक परत आले ते पाच मोसंबी आणि डोकं भरून बातम्या घेऊन. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा आजाराशिवाय दुसरं बोललो.

म्हणून बालाघाट दादांचं दुःख मला समजतं, तरी 'जाऊ नका' हे मला पटत नाही. आणि 'जा' असंही मी म्हणणार नाही. तिला विचारा. पण 'मी जाऊ का?' असं विचारलं तर ती जा म्हणेल, ते तुमचं बरोबर आहे. बाईला तसंच शिकवलेलं असतं. असं विचारा, की मी गेलो तर तुझ्याजवळ कोण पाहिजे? आणि तुझ्या मनात घरचं काय अडकून राहिलंय? मग गप्प बसा. लगेच बोलली नाही तर उठून जाऊ नका.

केसांचं एक. पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. उशीवर पुंजके बघण्याआधी, ती तयार असेल तर, आधीच बारीक करून घ्या. माझे मालकांनीच कापले, घरच्या कात्रीनं, वाकडेतिकडे. त्यांचा हात थरथरत होता.

---

हिंगोली_फाटा
१८ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या सासूबाईंचं सुरू आहे. घरच्यांनी ठरवलंय की त्यांना आजाराचं नाव सांगायचं नाही. सासरे तर डॉक्टरांच्या पाया पडले. हे बरोबर आहे का?

---

कुंडलिकाकाठ
१८ सप्टेंबर, सकाळी ११:३०

भाऊ, किमोच्या रांगेत शेजारी बसलेली बाई पाच मिनिटांत सांगते. केस गेले की आरसा सांगतो. त्यांना तेव्हा आजाराचंही समजेल आणि घरचे खोटं बोलले तेही समजेल. सगळं एका दिवसात सांगायची गरज नाही, पण त्यांनी विचारलं की खरं सांगा. सासऱ्यांना आधी धरून बसा. त्यांना जास्त भीती वाटतेय असं मला दिसतंय.

---

पूर्णाकाठ
२० सप्टेंबर, रात्री १०:१५

मंडळी, तीन दिवस उत्तर दिलं नाही. एकेक पोस्ट दोन-दोनदा वाचली. बालाघाट दादा, तुमचं पुन्हा वाचायला मला धीर झाला नाही, पण पहिल्याच वाचण्यात थर्मामीटर आणला. काल ९९.१ होता, आज ९८.४.

काल संध्याकाळी विचारलं. धर्मशाळेच्या गॅलरीत बसलो होतो. कुंडलिकाकाठ ताईंनी सांगितलं तसंच विचारलं, मी गेलो तर तुझ्याजवळ कोण पाहिजे. बराच वेळ ती बोलली नाही. मी उठणार होतो, मग ताईंचं आठवलं म्हणून बसून राहिलो.

म्हणाली, तुमच्या भावजयीला नका बोलावू. ती चांगली आहे, पण तिच्यासमोर मला ओकता येणार नाही. मानवतची माझी बहीण येईल का विचारा. सिस्टर, तुम्ही नेमकं तेच विचारलं होतं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बहिणीचं लेकरू लहान म्हणून मी तिचं नावच काढलं नव्हतं. बहिणीला फोन लावला तर ती रडायला लागली. म्हणाली, महिनाभर वाट बघतेय की भाऊजी कधी बोलावतात.

मग घरचं काय अडकलंय ते विचारलं. मला वाटलं पोरांचं म्हणेल. ती म्हणाली, गटाचे दोन हप्ते राहिलेत. ती बचत गटाची सचिव आहे. बारा बायांचं बँकेचं कर्ज, हप्ता तिनं गोळा करून भरायचा असतो. पासबुक आणि अकराशे रुपये गव्हाच्या कोठीत एका डब्यात आहेत, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. घाईत निघालो आम्ही. दीड महिना ती त्याच काळजीत होती, की माझ्यामुळं बारा जणींचं नाव खराब होईल. मी तिच्या शेजारी बसून थेंब मोजत होतो, आणि तिच्या डोक्यात ते पासबुक होतं.

आज मुलानं डबा काढला. पोरीनं बायांच्या घरोघर जाऊन वही दाखवली. सोमवारी शेजारची वहिनी बँकेत जाईल. हे समजल्यावर ती अर्धी भाकरी जेवली.

काढणीचं तिनंच ठरवलं. म्हणाली, तुम्ही कापायला जाऊ नका, गुत्त्यानं द्या. चार पैसे जास्त जातील. मळणीला आणि मोंढ्याला तुम्ही पाहिजे, नाहीतर माप नीट होत नाही. शेजारच्या अण्णांनी कापणी आणि ढिगावर ताडपत्री घालायचं अंगावर घेतलंय. मी किमोचे पहिले पाच-सहा दिवस थांबून ६ ऑक्टोबरच्या रात्री निघेन आणि चार दिवसांत परत येईन. त्यात तिचे पेशी कमी होण्याचे दिवस येतात हे मला माहीत आहे. बहीण असेल. वही तयार केलीय. पहिल्या पानावर १००.४ लाल पेनानं लिहिलंय, आणि खाली तातडीच्या विभागाचा रस्ता काढून दिलाय.

स्टेशनरोड भाऊ, मंगळवारी डॉक्टरांना विचारतो.

---

बालाघाट
२० सप्टेंबर, रात्री १०:५०

भाऊ, बरं केलंत. बहिणीला थर्मामीटर लावून दाखवायला लावा, नुसतं सांगू नका. तिनं स्वतः लावून आकडा वाचून दाखवू द्या.

---

पूर्णाकाठ
२६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

उशिरा कळवतोय.

सोयाबीन निघालं. पावसानं दोन दिवस भिजलं, थोडं काळं पडलं, भाव पडूनच मिळाला. तरी पैसे हातात आले. मी गावी असताना ९ ऑक्टोबरला संध्याकाळी तिचा ताप १००.८ झाला. मेव्हणीनं गोळी दिली नाही, टॅक्सी केली. मला फोन टॅक्सीतून आला. पेशी खूप खाली होत्या. चार दिवस ॲडमिट होती, सलाईनमधून औषध दिलं. मी मिळेल त्या गाडीनं, जनरलच्या डब्यात उभा राहून सकाळी पोहोचलो. ती उठून बसली होती. मला बघून पहिलं म्हणाली, मळणी झाली का?

बालाघाट दादा, मेव्हणीनं थर्मामीटर तीनदा लावून दाखवला होता मला, निघायच्या आधी. तुमचे पाय धरावेत असं वाटतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. औषधांची नावं, मात्रा, तारखा सगळं लिहून दिलं, ऑपरेशनआधी परत बोलावलंय. तिसरी किमो २१ तारखेला संभाजीनगरला झाली. आरोग्यमित्राकडं दोन दिवस गेले मंजुरीत, स्टेशनरोड भाऊंनी सांगितलं होतं म्हणून आधीच निघालो होतो. आता ती घरी आहे. संभाजीनगरहून परभणी चार तासांवर, आणि तिथून घर जवळ. पेशी वाढायचं इंजेक्शनही या वेळी दिलंय. पोरगी शाळेतून आली की वही घेते आणि आईला विचारते, आज काय काय खाल्लं. आईला फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून आमची म्हातारी चूल मागच्या गोठ्यात घेऊन गेलीय.

केस मी नाही कापले. मेव्हणीनं कापले, मी नव्हतो तेव्हा. तिला तसंच हवं होतं.

तूर फुलोऱ्यात आली आहे. काल तिला बांधापर्यंत नेलं, तोंडाला रुमाल बांधून. दहा मिनिटं बसली.

एक विचारायचं होतं. चौथीनंतर दर आठवड्याचं औषध सुरू होईल. त्यानं हातापायाला मुंग्या येतात म्हणतात. कुंडलिकाकाठ ताई, तुम्हाला आल्या होत्या का?

---

कुंडलिकाकाठ
२७ ऑक्टोबर, पहाटे ५:३५

हो दादा, आल्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून. आधी पायाची बोटं, मग हाताची टोकं. सुरू झाल्या की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बघून देतात. मी 'सहन होतंय' म्हणत गप्प राहिले, तसं तिला राहू देऊ नका. अनवाणी अंगणात फिरू देऊ नका, काटा टोचलेला समजत नाही. ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत, म्हणून पुढून बटणाचे दोन शिवून घ्या. ऑपरेशननंतरही तेच कामाला येतील. आणि तवा तिला धरू देऊ नका. तापलाय ते बोटांना समजत नाही. माझ्या डाव्या हातावर अजून डाग आहे.

माझ्या मुंग्या गेल्या, पण वर्ष लागलं. आता सुईत दोरा ओवते मी.